पान सव्वीसवरचा रंधा

९ जानेवारी

खिट्टी,

तू खुशाल आहेस असं धरून चालतो. नसतीस तर एव्हाना चार पानांचं पत्र आलं असतं. आम्हीही बरे आहोत. अक्षर तुझ्या वहिनीचं आहे, ते बघून दचकू नकोस. माझा चष्मा हरवला आहे. मी सांगतो आणि ती लिहिते. मधेमधे ती स्वतःचंही घुसडते, तिकडे लक्ष देऊ नकोस.

(मी काही घुसडत नाही. – वहिनी)

कामाचं बोलतो. एप्रिलमध्ये येणार म्हणालीस, तेव्हा मला हत्यारं आण. इथल्या हत्यारांना काही अर्थ उरलेला नाही. पटाशीला सकाळी धार लावावी तर दुपारी तिने लोणीसुद्धा कापलं जात नाही. आपल्या होमिओपॅथीच्या डॉक्टरांकडे तुझ्या तिकडच्या हत्यारांचा एक कॅटलॉग सापडला. त्यांचंच काम घेतलं आहे, औषधांचं कपाट. चौसष्ट खण, एकेक खण तळहाताएवढा, आणि प्रत्येकाला कडेने खाच. बावीस झाले, बेचाळीस राहिले. तोवर डॉक्टर औषधं बुटांच्या खोक्यांत ठेवतात आणि रस्त्यात भेटले की काही न बोलता माझ्याकडे बघतात.

पान सव्वीसवरचा छोटा रंधा हवा. पातं तिरकं, बाजूला मापाची पट्टी, आणि डाव्या हाताचा. पान एकतीसवरची आखणीची सुरी, एकाच बाजूने धार असलेली, तीही डाव्या हाताची. पान चाळीसवरची करवत, ढकलताना नाही तर ओढताना कापणारी. कॅटलॉगची तिन्ही पानं फाडून सोबत पाठवली आहेत. डॉक्टरांना बोलू नकोस.

– दादा


२८ जानेवारी

दादा,

नमस्कार केला असं समज. प्रत्यक्ष करायला आत्ता मन होत नाही.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा डोकं फिरलं. अरे, दोन वर्षांपूर्वी माझ्या सुट्टीचे नऊ दिवस मी तुझ्या मागे भुणभुण लावली आणि ते खाचा पाडायचं मशीन तुला घ्यायला लावलं. हाताने घासत बसलास तर पन्नाशीत खांदे जातील, हे मी एवढ्यांदा म्हटलं की वहिनी कंटाळून शेजारी जाऊन बसली. दुकानात उभं राहून मी तुला त्याची पुस्तिका वाचून दाखवली. पात्यावरची जाळी काढू नये, हात वीतभर लांब ठेवावा, बाह्या दुमडाव्यात, सगळं. तू शहाण्यासारखी मान डोलावत होतास. आणि आता बेचाळीस खणांच्या खाचा पाडायला तुला रंधा पाहिजे? मशीनचं काय केलंस? त्यावर कपडे वाळत घातलेस का?

दुसरं, चष्मा. मी इथे दिवसभर काय करते हे तुला आठवतं का? मी भिंगं घासते, दादा. चष्मा हरवल्याची सबब जिला सांगू नये अशी आपल्या घरात एकच बाई आहे, आणि तू नेमकी तिलाच सांगितलीस. नंबर कळव. पंधरा दिवसांत नवा चष्मा तुझ्या नाकावर असेल.

हत्यारं आणीन. पण तुझ्या यादीवर माझा काडीचा भरवसा नाही. मागे तू एक पकड मागवली होतीस. मी ती छातीशी धरून घेऊन आले तर म्हणालास, अगं ही नव्हे. ती अजून माझ्याकडे आहे, तिने मी बरण्यांची झाकणं उघडते. फोनवर विचारावं तर तू "बरं आहे" म्हणून ठेवून देतोस. तेव्हा नीट सविस्तर लिही.

– खिट्टी


१७ फेब्रुवारी

खिट्टी,

मशीन आहे जागेवर. आवाज फार करतं. तुझ्या वहिनीचं डोकं दुखतं.

(माझं डोकं मशीनने कधीच दुखलेलं नाही. – वहिनी)

चष्मा सापडेल. घरातच आहे, जाणार कुठे. नंबर काढायला जायला मला सवड नाही आणि तुला पार्सल करायचीही गरज नाही.

सविस्तर लिहायला सांगतेस, पण पहिल्या पत्रात सगळं सविस्तरच होतं. पान, चित्र, हात, सगळं. यादीत आहे तेच आण. त्यात एक अक्षर इकडचं तिकडे करू नकोस. तुला लहानपणापासून खोड आहे. बाबांनी खिळे आणायला पाठवलं की तू स्क्रू घेऊन यायचीस आणि वर स्क्रू कसे चांगले ते बाबांनाच समजावून सांगायचीस. ते हसायचे, मी हसणार नाही.

डॉक्टर परवा येऊन गेले. म्हणाले, जमत नसेल तर तसं सांगा, फर्निचरच्या कारखान्यातून करून घेतो, तिकडे आठ दिवसांत होतं. मी एप्रिलपर्यंत थांबायला सांगितलं आहे. ते काम मला सोडायचं नाही. का ते विचारू नकोस. सोडायचं नाही, एवढं पुरे.

– दादा


२० मार्च

दादा,

दोन बातम्या आहेत. पहिली वाईट आणि दुसरीचं काय ते तू ठरव.

माझी एप्रिलची सुट्टी बोंबलली. नवं यंत्र बसतंय म्हणून मालकाने सगळ्यांच्या सुट्ट्या एका कागदावर रद्द केल्या. मी भांडले, उपयोग झाला नाही. पण आमच्याकडे डोळे तपासायला जी बाई आहे, जिला सगळे नंबरवालीच म्हणतात, ती माहेरी चालली आहे. माहेर तुझ्यापासून दोन तासांवर. तिच्याबरोबर हत्यारं पाठवते आहे.

हो, हत्यारं घेतली. दुकान शोधण्यात दोन शनिवार गेले. एका बोळाच्या टोकाला आहे, बाहेर पाटी म्हणून एक गंजलेली करवत. आत छतापर्यंत हत्यारं टांगलेली आणि मधोमध कानाला पेन्सिल लावलेला म्हातारा. मी एक पटाशी उचलली तशी म्हणाला, खाली ठेवा, आधी हात दाखवा. मला वाटलं, हात स्वच्छ आहेत का बघतोय. तसं नव्हतं. मी कोणत्या हाताने धरते ते बघायचं होतं त्याला. म्हटलं, माझ्यासाठी नाही, भावासाठी हवीत. कॅटलॉगची पानं पुढे केली. ती बघून त्याचे डोळे भरून आले, कारण हा कॅटलॉग त्याच्या तरुणपणचा आहे. पण रंधा अजूनही तसाच बनतो म्हणाला.

आणि मग तुझी ती डाव्या हाताची भानगड. म्हातारा म्हणाला, डाव्या हाताचा मागवावा लागेल, सहा आठवडे. उजव्या हाताचा हा काय समोर आहे. मी म्हटलं, उजव्याचाच द्या, भाऊ उजव्या हाताने काम करतो, मी जन्मापासून बघतेय. त्याने यादी पुन्हा वाचली. म्हणाला, "बाई, चाळीस वर्षं हे दुकान चालवतोय. गिऱ्हाईक माप चुकतं, नग चुकतं. हात कोणी चुकत नाही." मी म्हटलं, तुम्ही माझ्या भावाला ओळखत नाही. त्याचा चष्मा हरवला आहे आणि तो नवा करून घेत नाही. पट्टी कोणत्या बाजूला ते त्याला चित्रात उलटं दिसलं असणार. म्हाताऱ्याने रंधा कागदात गुंडाळायला फार वेळ लावला.

तर तुझी चूक मी निस्तरली आहे. रंधा उजव्या हाताचा, सुरी उजव्या हाताची. आभार मानले नाहीस तरी चालेल.

चष्माही पाठवते आहे, तुझ्या जुन्या नंबरावरून केला आहे. आता माझी एक अट. बाबांचा नियम आठवतो ना? नव्या पात्याला धार लावली की लाकडाचा पहिला छिलका वर्तमानपत्रावर ठेवायचा. त्यातून खालची ओळ वाचता आली तर हत्यार कामाला घ्यायचं, नाही आली तर पुन्हा दगडावर. तुझ्यासाठी मी दोन शनिवार उन्हात घालवले. तो छिलका मला पाकिटातून पाठव. माझं समाधान म्हणून.

– खिट्टी


२२ एप्रिल

खिट्टी,

सामान मिळालं. करवत फार सुरेख आहे. रंध्याचं पोलाद चांगलं आहे. सुरी आली नाही. चष्मा बसतो. डॉक्टरांचा निरोप दोनदा येऊन गेला. छिलक्याचं नंतर बघू, लाकूड अजून ओलं आहे.

– दादा

(रंधा मांडीवर घेऊन हे दुपारभर ओट्यावर बसले होते. मग पुन्हा त्याच कागदात गुंडाळून ठेवला. – वहिनी)


१० मे

दादा,

तुला झालंय तरी काय?

नंबरवाली परत आली. आधी तिची चूक सांगते. मी तिला म्हटलं होतं, सुरी जपून न्या. तिने जपून म्हणजे हातातल्या पर्समध्ये ठेवली, पैशांच्या पाकिटाशेजारी. विमानतळावर चार लोक जमा झाले आणि सुरी गेली. तिला वीस मिनिटं बसवून ठेवलं. तरीही ती बाई रंधा आणि करवत घेऊन, दोन बस बदलून तुझ्या दारात आली. आणि तू बाहेर आला नाहीस! आतल्या खोलीतून ओरडलास, "ठेवून जा तिथे." वहिनीने पाणी दिलं, बिस्किटं दिली, चारदा माफी मागितली. नंबरवाली मला म्हणाली, तुझे भाऊ कामात असतील. आपल्या घरी आलेल्या परक्या माणसाला बाबा फाटकापर्यंत सोडायला जायचे.

तिने आणखी एक सांगितलं. मशीन अंगणात आहे, ताडपत्रीखाली, दोरीने बांधलेलं. म्हणजे आवाजबिवाज सगळं खोटं. तुला ते वापरायचंच नव्हतं आणि माझं तोंड बंद करायला घेतलंस, एवढंच. तसं तेव्हाच सांगायचं होतं. मी काही सावकार नाही तुझी, पण मूर्खही नाही.

आणि चष्मा बसतो म्हणतोस, तर पत्र अजून वहिनीच्या अक्षरात का?

लाकूड चार महिने ओलं राहत नाही. मी सुताराची मुलगी आहे, दुसऱ्या कोणाला तरी सांग. छिलका पाठव. नाही पाठवलास तर मी समजेन की रंधा तू विकलास.

– खिट्टी


२९ मे

खिट्टी,

छिलका सोबत आहे. आता पुरे.

– दादा


१६ जून

दादा,

तुझा छिलका मिळाला. तो काय म्हणतो ते आता ऐक.

त्याची एक कड जाड आहे आणि दुसरी पातळ. म्हणजे रंधा कलता धरला होता. मधे तीन ठिकाणी फाटला आहे, म्हणजे लाकडाच्या रेषांच्या उलट ओढला. टोकाला तर अक्षरशः उपटला आहे. आमच्याकडे भिंगांची जाडी मोजायचं एक यंत्र आहे, त्यात मी जेवणाच्या सुट्टीत तो घातला. मी जपून ठेवलेल्या बाबांच्या छिलक्याच्या पाचपट भरला. वर्तमानपत्रावर ठेवला तर खाली वर्तमानपत्र आहे हेसुद्धा कळत नाही.

हा छिलका तुझा नाही. तू नववीत असताना काढलेले छिलके मी वहीत ठेवायचे, ते याच्यापेक्षा बरे होते. माझं हत्यार तू कोणाच्या तरी हातात दिलंस. कुठला तरी रोजंदारीवरचा माणूस आणून बसवला असशील. त्याला धड उभं राहता येत नाही, धार कळत नाही, आणि तू खुर्चीत बसून त्याच्याकडून डॉक्टरांचे खण उरकून घेतोयस. म्हणूनच नंबरवालीसमोर आला नाहीस, लाज वाटली असेल.

मला खरंच वाईट वाटलं. राग तर नेहमीच येतो तुझा, पण वाईट वाटलं. तू काम टाकशील असं मला कधी वाटलं नव्हतं. वहिनी, तू तरी खरं काय ते लिही. कंसात लिही, कसंही लिही.

– खिट्टी


५ जुलै

खिट्टी,

हे अक्षर माझं आहे. डाव्या हाताचं. तुला वाचायला त्रास होईल, मला लिहायला त्याहून जास्त झाला आहे. आज तिसरा दिवस. तुझ्या वहिनीने या वेळी लिहायला साफ नकार दिला. म्हणाली, सहा महिने तुमचं खोटं माझ्या अक्षरात जातंय, आता तुमचं तुम्ही बघा.

छिलका माझाच आहे. रोजंदारीवरचा माणूसबिणूस कोणी नाही.

नोव्हेंबरमध्ये मशीनवर उजवा हात गेला. अंगठा मुळापासून आणि शेजारचं बोट अर्धं. तेविसावा खण चालू होता. दवाखान्यात अकरा दिवस होतो. जखम भरली, आता दुखत नाही, रात्री कधी कधी नसलेला अंगठा खाजतो तेवढंच. तुला सांगायचं नाही असं मी दवाखान्यातच ठरवलं. मशीन तू घ्यायला लावलं होतंस. तुला कळलं असतं तर तू तिकडे एकटी बसून स्वतःला खात राहिली असतीस, आणि तुला जेवण गोड लागलं नसतं. तुझा दोष नाही. हे मी लिहितोय आणि तू ते मानणार नाहीस, हेही मला माहीत आहे.

डॉक्टरांनाही सांगितलं नव्हतं. खिशात हात घालून बोलत होतो. म्हटलं, तेविसावा खण डाव्या हाताने काढला की मग सांगू सगळ्यांना. म्हणून ती यादी केली. कॅटलॉगमध्ये डाव्या हाताचा रंधा असतो हे बघून मला त्या रात्री झोप आली, महिन्याभरात पहिल्यांदा. आणि तू माझी चूक निस्तरलीस.

कागद उघडला तेव्हा तुला फार शिव्या घातल्या, खोटं कशाला सांगू. मग ठरवलं, जे आलं त्यावर शिकू. पण उजव्या हाताच्या रंध्याची पट्टी डाव्या हातात नको त्या बाजूला येते. लाकूड उलटं धरावं लागतं, रेषा उलट्या जातात आणि पातं लाकूड उपटतं. तू छिलका अचूक वाचलास. बाबांनी तुला कधी रंधा धरू दिला नाही, ते चुकलंच त्यांचं.

तू इतकी मागे लागली नसतीस तर मी पाठवलाही नसता. तो सगळ्यांत चांगला होता, खिट्टी. बाकीचे बघितले असतेस तर.

– दादा


२१ जुलै

दादा,

पत्र आमच्या दुकानात वाचलं. यंत्रासमोर. नंबरवालीने मला आत नेऊन बसवलं आणि डोळे तपासायच्या अंधाऱ्या खोलीत मी तासभर रडले. बाहेर तीन गिऱ्हाइकं थांबली होती. मालकाने स्वतः त्यांना चहा दिला, म्हणजे माझा चेहरा कसा असेल ते बघ.

मला तुझा इतका राग आला आहे की कुठून सुरुवात करू कळत नाही. आठ महिने! मी तुला मशीनवर कपडे वाळत घातलेस का म्हणून विचारलं. मी तुला काम टाकणारा म्हटलं. मी तुझ्या मेहनतीचा छिलका यंत्रात घालून पाचपट भरला म्हणून लिहिलं, आणि तुझ्या डोळ्यांनी तू ते वाचलंस. मला हे सगळं का लिहू दिलंस? आणि वहिनी, तूसुद्धा. मशीनने माझं डोकं दुखत नाही असं कंसात लिहिलंस, तर पुढचं एक वाक्य लिहायला काय झालं होतं?

दोष नाही म्हणतोस. ती नऊ दिवसांची भुणभुण कोणाची होती मग? खांदे वाचावेत म्हणून मी तुझा हात घालवला. हे मला कोणी सांगायला नको, आणि नाही म्हणूनही कोणी सांगायला नको.

त्या म्हाताऱ्याकडे गेले. आत शिरल्या शिरल्या म्हणाला, कोणता हात? मी म्हटलं, उजवा, अंगठा. त्याने मान हलवली, मागे गेला आणि एक खोकं घेऊन आला. डाव्या हाताचा रंधा. त्याने मार्चमध्येच मागवून ठेवला होता. मी म्हटलं, मी तर नको म्हणाले होते. म्हणाला, तुम्ही नको म्हणालात, यादी हवा म्हणत होती. सुरीही होती. मला त्याचाही राग आला. तेव्हाच माझ्याशी भांडला असता तर? पण मी कोणाला भांडू देते, हे मला माहीत आहे.

या वेळी कोणाबरोबर पाठवणार नाही. मालकाला सुट्टी मागितली नाही, सांगितली. तीन ऑगस्टला येते, तीन आठवडे. रंधा सामानात, कपड्यांच्या मधोमध, सुरी त्याच्याच खोक्यात. तोवर त्या उजव्या हाताच्या रंध्याला हात लावू नकोस. डॉक्टरांना खिशातून हात काढून दाखव आणि काय ते सांग. नाहीतर मी आल्यावर सांगेन, आणि मी कसं सांगते ते तुला माहीत आहे.

– खिट्टी


१४ सप्टेंबर

खिट्टी,

तू गेल्यापासून घरात शांतता आहे. मला ती सोसत नाही, असं तुझी वहिनी म्हणते.

(हे रोज फाटकाकडे बघतात. – वहिनी. कंस घालायची सवय लागली आहे, घालू दे.)

अक्षर थोडं सुधारलं आहे, बघ. या पत्राला एकच दिवस लागला.

कामाचं सांगतो. तू होतीस तोवर बाविसाचे पंचवीस खण झाले होते. आज तीस आहेत. डॉक्टरांनी बुटांची खोकी अजून टाकलेली नाहीत, पण आता रस्त्यात भेटले की थांबून बोलतात. माझा हात बघून ते त्या दिवशी एवढंच म्हणाले, थांबतो मी, घाई माझ्या औषधांना नाही. कारखान्याचं नाव पुन्हा काढलं नाही. तू उजव्या हाताच्या रंध्याने पाडलेल्या तीन खाचांपैकी दोन मला पुन्हा कराव्या लागल्या. तिसरी तशीच ठेवली आहे, खालच्या ओळीत, भिंतीकडे. डॉक्टरांना कधी कळणार नाही. तो रंधा परत करू नकोस आणि विकायला तर मुळीच सांगू नकोस. तुझ्या नावाने खुंटीवर लावला आहे. पुढच्या वेळी आलीस की उभं राहायचं कसं ते आधी शिकवीन. तू रंध्यासमोर भिंग घासायला बसल्यासारखी वाकून बसतेस.

मशीन गेलं. एकाने नेलं. नेताना त्याला पुस्तिका मी स्वतः वाचून दाखवली, पहिल्या ओळीपासून.

तीन आठवडे तू इथे होतीस आणि तीन आठवडे माझी एक गोष्ट सांगायची राहून गेली. दोनदा तोंडापर्यंत आली. तू ओट्यावर बसून माझा हात बघत होतीस आणि काही बोलत नव्हतीस. तू आणि बोलत नाहीस म्हटल्यावर मला घाम फुटला. तुझ्यासाठी लपवलं असं मी लिहिलं होतं. ते निम्मं खरं. उरलेलं निम्मं लाजेचं होतं.

पाकिटात छिलका आहे. आज सकाळचा, तिसाव्या खणाच्या खाचेचा. अरुंद आहे, एका ओळीपुरता. या पत्राच्या शेवटच्या ओळीवर तो ठेव आणि त्यातून वाच. यंत्रात घालू नकोस. वाचता आली नाही तर माझी धार बरोबर आहे, तुझा नंबर वाढलाय.

मशीनची जाळी मी काढली होती, खिट्टी. खण छोटा होता, आड येत होती. तू वाचून दाखवलेलं सगळं मला पाठ होतं.